अधिकार द्या, पण मोजपट्टीसह

‘हमखास गुण, नाहीतर पैसे परत’ अशा औषधांच्या जाहिराती आपण सर्वांनीच वाचल्या आहेत. त्यांना आळा घालण्यासाठी संसदेने १९५४ मध्ये औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा केला. काही बाबी कायद्यातच होत्या. आणखी कोणत्या रोगांच्या जाहिरातींवर बंदी घालायची, हे सरकारने नियम करून ठरवायचे होते.

यात गैर काय? प्रत्येक तपशील संसद ठरवू शकत नाही, हे खरेच. पण बंदी मोडणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत होती. मग तो रोग यादीत कशाच्या आधारे आला?

१९५९ मध्ये हमदर्द दवाखाना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमके यावरच बोट ठेवले. कायद्याचा हेतू न्यायालयाला मान्य होता. पण रोग निवडण्याची कसोटी संसदेने दिलीच नव्हती. म्हणून तेवढा अधिकार घटनाबाह्य ठरला.

संसदेने १९६३ मध्ये चूक सुधारली. रोगांची यादी कायद्यालाच जोडली. त्यात भर घालायची, तर रोग वेळीच वैद्यकीय सल्ला लागणारा किंवा सर्वमान्य उपाय नसलेला हवा, आणि तज्ज्ञ मंडळाचा सल्लाही घ्यायला हवा, असे बंधन घातले. अधिकार राहिला, त्याला मोजपट्टी मिळाली.

आज सेबी, ट्राय अशा संस्था आपल्या व्यवहारांचे नियम करतात. किराणा आणायला पाठवलेल्याने दुकान खुशाल निवडावे. काय आणायचे, हे मात्र घरानेच सांगायचे असते.