उत्तरेचा उजेड



धान्याचा व्यापारी पोत्यात हात घालतो, मूठभर दाणे तळहातावर पसरतो आणि उजेडाकडे धरतो. दाणा भरलेला आहे की पोचट, रंग टिकलाय की काळवंडलाय, हे नजरेनंच ठरवायचं असतं. पण दाण्यांवर थेट ऊन पडलं की नजर फसते. म्हणून इंग्लंडमधल्या लीड्स शहरात 1863 साली धान्यबाजाराची जी इमारत उघडली, तिच्या छपराला उत्तरेच्या बाजूनं भलीमोठी काच बसवली. तिकडून येणारा उजेड सारखा असतो, शांत असतो. इमारत लंबवर्तुळाकार, वर घुमट, आणि बाहेरचा दगड हिऱ्यासारखे पैलू पाडून घडवलेला.

ती बांधली कथबर्ट ब्रॉड्रिक यांनी. हल बंदरातल्या एका जहाजमालकाचा हा मुलगा, जन्म 1821 चा. हेन्री लॉकवुड यांच्या हाताखाली ते काम शिकले, मग युरोप पाहून आले. 1852 मध्ये लीड्सच्या टाउन हॉलसाठी स्पर्धा झाली आणि तिशीच्या या तरुणाचा आराखडा पहिला आला. नगरपालिकेची मंडळी धास्तावली. एवढं काम या पोराला झेपेल का? परीक्षक होते लंडनची पार्लमेंट बांधणारे सर चार्ल्स बॅरी. त्यांनी भरवसा दिला. 225 फुटांचा मनोरा मागाहून, बराच वाद झाल्यावर जोडला. 7 सप्टेंबर 1858 रोजी उद्घाटनाला खुद्द राणी व्हिक्टोरिया आली.

पुढे लीड्सच्याच यॉर्कशर परगण्यातल्या स्कारबरोच्या समुद्रकड्यावर त्यांनी ग्रँड हॉटेल उभारलं, 1867 मध्ये. चार मनोरे, बारा मजले, बावन्न धुराडी, 365 खोल्या. अख्खं वर्षच विटांत बांधलं म्हणा ना! लंडननं मात्र त्यांना काम दिलं नाही. तिथल्या सरकारी कचेऱ्यांच्या स्पर्धेत त्यांचा आराखडा मागे पडला. पन्नाशीच्या सुमाराला त्यांनी यॉर्कशर सोडलं आणि ते फ्रान्सला गेले. तिथे चित्रं काढली, बाग केली. 1905 मध्ये जर्सी बेटावर ते वारले.

लोक त्यांना टाउन हॉलसाठी ओळखतात. मला मात्र धान्यबाजार मोठा वाटतो. तिथे त्यांनी राणीचा नाही, व्यापाऱ्याच्या तळहाताचा विचार केला.

आता तिथे धान्य नाही, दुकानं आहेत. तुमचं कुणी लीड्सला राहत असेल, तर त्यांना एवढं सांगा: दुपारी आत जा, मधोमध उभे राहा, आणि तळहात उघडून पाहा.