देहदान : संकल्प आणि कायदा



कॉम्रेड ज्योती बसू यांचे १७ जानेवारी २०१० रोजी निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह कोलकात्यात वैद्यकीय शिक्षणासाठी सुपूर्द करण्यात आला. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळातील ज्येष्ठ नेते कॉम्रेड एम. एम. लॉरेन्स निवर्तले. त्यांच्या देहदानास मात्र कुटुंबातूनच हरकत घेण्यात आली. दोन साक्षीदारांसमक्ष तोंडी व्यक्त केलेली इच्छा केरळच्या शरीररचना कायद्यानुसार पुरेशी आहे, या आधारावर उच्च न्यायालयाने देहदानाच्या बाजूने निर्णय दिला. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. तोवर देह शवागारातच राहिला.

यातून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. संकल्प कितीही दृढ असला, तरी मृत्यूनंतर तो बोलून दाखविण्यास मनुष्य उरत नाही.

येथे दोन कायद्यांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. अवयवदानाचे नियमन १९९४ चा केंद्रीय कायदा करतो. २०११ मध्ये दुरुस्ती होऊन ऊतींचाही त्यात समावेश झाला. संपूर्ण देहाचे दान मात्र त्या त्या राज्याच्या शरीररचना कायद्याखाली येते. महाराष्ट्रात तो १९४९ चा आहे. म्हणून परप्रांतात राहणाऱ्या सभासदाने तेथील कायदा पाहिला पाहिजे.

केंद्रीय कायद्यानुसार अवयवदानाचे संमतिपत्र दोन किंवा अधिक साक्षीदारांसमोर लिहावे लागते व त्यांपैकी किमान एक जवळचा नातलग असावा लागतो. मस्तिष्कस्तंभ मृत झाल्याचा निर्णय एकटा डॉक्टर देत नाही. चार डॉक्टरांचे मंडळ सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते. अवयवांचा व्यापार करणारास ५ ते १० वर्षे कारावास आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड आहे. गरिबाचे मूत्रपिंड हा बाजारातील माल होऊ नये, हा या तरतुदीचा आशय होय.

आणखी एक गोष्ट. नेत्रदानानंतरही देह सामान्यतः स्वीकारला जातो. इतर अवयव काढल्यावर किंवा शवविच्छेदन झाल्यावर तो बहुधा नाकारला जातो. ही शक्यता घरच्यांना आधीच ठाऊक असावी.

तेव्हा संमतिपत्र भरून पेटीत ठेवणे पुरेसे नाही. पत्नी, पती, मुले यांच्याशी मोकळेपणाने बोलणे, त्यांच्यापैकी एकाची साक्ष घेणे आणि एक प्रत शाखेकडे देणे आवश्यक आहे. रूढीविरुद्धचा लढा घराच्या उंबरठ्याच्या आतही लढावा लागतो, आणि तो धाकाने नव्हे, समजुतीनेच जिंकता येतो.