टोकाची गाठ
(मंडळाच्या वर्धापनदिनी कपिलधार येथे केलेले भाषण)



भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी 'गाठ' असे सांगितले. चिटणीसबाईंना वाटले, मी लग्नगाठीवर बोलणार! त्या गाठीवर बोलणाऱ्या पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे ती दोराच्या टोकाला मारायच्या साध्या गाठीवर.

ही गाठ दोन दोर जोडत नाही, की कशाला काही बांधत नाही. तिचे काम एकच, टोक निसटू द्यायचे नाही. सुईत दोरा ओवला की आपण शेवटाला गाठ मारतो, ती हीच. ती विसरली तर पहिलाच टाका सरळ बाहेर येतो. परकराच्या नाडीला दोन्ही टोकांना ती नसली, तर ऐन घाईच्या वेळी नाडी नेफ्यात शिरते आणि मग सेफ्टी पिन घेऊन बसावे लागते. (हसू नका, हे सर्वांचे झाले आहे.) मोत्यांच्या सरात दर मोत्यानंतर गाठ असते. त्यामुळे दोरा तुटला तरी एखादाच मोती सुटतो, सारा सर घरभर होत नाही.

पण मला ही गाठ शिवणकामात उमगली नाही. ती उमगली इथेच, कपिलधारला, कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेत. मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला आमचे सारे घर आले होते. मी सोळा वर्षांची, आणि सहा महिन्यांची भाची माझ्या स्वाधीन. मोठ्या तोऱ्यात मी लिंबाच्या फांदीला झोळी बांधली. लुगडे सुती, दोर नायलॉनचा गुळगुळीत. लुगड्याची टोके गोळा करून त्यांवर दोर नुसता गुंडाळला आणि आवळला. चार झोके दिले असतील नसतील, एका बाजूचे कापड दोरातून सर्रकन निसटले आणि लेकरू खाली आले. खाली वाकळ अंथरली होती, म्हणून केवळ रडण्यावर निभावले. मी मात्र पुढे कितीतरी दिवस त्या मुलीला उचलून घ्यायला धजत नव्हते.

शेजारच्या पालातली एक म्हातारी उठून आली. ऊसतोडीला जाणारे कुटुंब होते ते. यात्रा आटोपली की त्यांना कारखान्याची गाडी धरायची होती. तिने मला बोल लावला नाही. झोळी सोडली, लुगड्याचे टोक माझ्यापुढे धरले आणि म्हणाली, "गाठ कुठंय, पोरी?" मग दोन्ही टोकांना तिने लिंबाएवढी घट्ट गाठ मारली आणि दोराचा फास त्या गाठीच्या आतल्या अंगाला, म्हणजे लेकराच्या बाजूला आवळला. आता ओझ्याने कापड जितके ओढले जाईल तितकी गाठ फासावर येऊन अडणार! मग म्हणाली, "आधी तू लटकून बघ, मग लेकरू टाक." उसाच्या फडात तिने अशाच झोळ्यांत आपली मुले वाढवली होती.

दोराला मारायची याहून बरी गाठ मी पुढे गाइडच्या शिबिरात शिकले, ती आठाच्या आकड्याची. टोक मूळ दोरावरून आडवे न्यायचे, म्हणजे फेरा तयार होतो. साध्या गाठीत ते लगेच फेऱ्यातून काढतो. इथे तसे न करता दोराच्या मागून पूर्ण वळसा घालून पुढे आणायचे आणि मग वरून फेऱ्यात घालायचे. आवळण्याआधी इंग्रजी आठ दिसला पाहिजे. ही गाठ साधीपेक्षा जाड होते, आणि मुख्य म्हणजे सोडवता येते. साधी गाठ ओल्या सुती दोरात अशी बसते की दातांनीही सुटत नाही. समुद्रावरचे लोक शिडाच्या दोरांना हाच आठ मारतात, नाहीतर वाऱ्याच्या ओढीने दोर कप्पीतून निघून जाईल. क्लिफर्ड ॲशली नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १९४४ साली गाठींवर एक जाडजूड ग्रंथ काढला. त्यात सुमारे ३,९०० गाठी नोंदल्या आहेत. आपल्याला इतक्या नकोत. विहिरीच्या दोराच्या हातातल्या टोकाला एक आठ असला, तर हात सुटला तरी दोर कप्पीशी अडतो आणि बादली गळ टाकून शोधावी लागत नाही.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. गाठीपुढे चार बोटे तरी दोर सोडा, विशेषतः नायलॉनचा, कारण तो गुळगुळीत असल्याने सैल होत जातो. आणि भोक गाठीपेक्षा मोठे असेल तर नुसत्या गाठीवर विसंबू नका, गाठीआधी एखादे भोकाचे लाकूड किंवा मोठे बटण ओवा. झोळीची गाठ तर रोज सकाळी पाहायची, आदल्या दिवशी पाहिली असली तरी.

ती म्हातारी मला पुन्हा भेटली नाही. पुढल्या वर्षी मी यात्रेत तिचे पाल शोधले होते. भाचीला आता नातवंडे आहेत. त्यांची झोळी मीच बांधली, आणि आधी लटकूनही पाहिले. घरचे हसले, हसू दे.

त्या टेबलावर सुतळीचे हातभर तुकडे ठेवले आहेत. प्रत्येकीने एकेक घ्या. आठ जमला की मला दाखवा आणि मग चहाला जा.