नवी गाडी, गोटा टायर आणि ग्राहकाचा हक्क

(राष्ट्रीय ग्राहक दिनी, २४ डिसेंबर रोजी, आपल्या सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला बजावलं आहे, "काका, पंधरा मिनिटं बोला, पण बँकेवर नको." त्यामुळे आज मी टायरवर बोलणार आहे. हसू नका. माझ्या बाल्कनीत तुळशीशेजारी सव्वा वर्ष दोन जुने टायर उभे होते, हे समोरच्या विंगमधल्या सगळ्यांनी पाहिलं आहे. ते तिथे का होते, त्याची ही हकीकत.

२०२१ च्या दसऱ्याला आम्ही नवी गाडी घेतली. लेक कोल्हापूरला असल्याने महिन्याला एक तरी फेरी असते. २०२२ च्या जुलैमध्ये आम्ही दोघं नातीला घेऊन पुण्याला परत येत होतो. खंबाटकी घाटात पाऊस सुरू होता, वेग फार नव्हता. एका वळणावर ब्रेक लावला आणि गाडी पुढच्या बाजूने सरळ सरकली. मोजून दोन सेकंद स्टिअरिंग माझं ऐकत नव्हतं. बाजूला ट्रक होता. काही झालं नाही, गाडी सावरली. नात मागे झोपली होती, ती जागीसुद्धा झाली नाही. पण माझे हात शिरवळपर्यंत थरथरत होते. मनात म्हटलं, वय झालं, आता गाडी चालवणं बंद करावं.

दुसऱ्या दिवशी आपल्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरायला गेलो. त्याने पुढची चाकं पूर्ण वळवायला सांगितली आणि आतल्या कडेवरून बोट फिरवलं. "काका, हे तर आतून गोटा झालेत." बाहेरून बघितलं तर नक्षी ठणठणीत आणि आतली कडा गुळगुळीत, दोन्ही टायरची. गाडी चालली होती ११,२०० किलोमीटर. चांगले टायर साधारण चाळीस हजार चालावेत असं आपण सगळेच धरून चालतो. मला एकदम हलकं वाटलं, कारण दोष माझ्या वयाचा नव्हता. आणि लगेच रागही आला.

इथे थोडी माहिती सांगतो, ती घरी जाऊन आपापल्या गाडीवर तपासा. टायरच्या खाचांमध्ये मधून मधून रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर संपला. झीज कुठे आहे, यावरून कारण कळतं. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, फक्त मधला भाग झिजला तर हवा जास्त, आणि एकच कडा झिजली तर बहुधा चाकांचं अलाइनमेंट चुकलेलं. बाजूच्या भिंतीला फुगा आला तर आतले धागे तुटलेले असतात. तो टायर त्याच दिवशी काढायचा. टायरवर शेवटी चार आकडे असतात. ३४२२ असेल तर तो २०२२ सालच्या ३४ व्या आठवड्यात बनला. नवा म्हणून घेताना हे आकडे जरूर वाचा.

तर मी शोरूमला गेलो. सर्व्हिस ॲडव्हायझर तरुण मुलगा, अतिशय नम्र. म्हणाला, "सर, टायरची वॉरंटी आमची नसते, टायर कंपनीची असते." मॅन्युअल उघडून बघितलं, खरंच तसं छापलं होतं. टायर कंपनीकडे गेलो. त्यांच्या तपासनिसाने टायर पाहिले आणि एक फॉर्म पुढे केला, "इथे सही करा." मी केली. घरी येऊन प्रत वाचली तर सहीच्या वर बारीक अक्षरात छापलेलं, 'तपासणीचा निष्कर्ष मला मान्य आहे.' आणि मी सही केली तेव्हा निष्कर्षाची जागा कोरी होती!

बंधू-भगिनींनो, मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. हजारो लोकांना सांगितलं असेल, कोऱ्या कागदावर सही करू नका. ती चूक मी स्वतः केली. हे सांगायला लाज वाटते, पण मुद्दाम सांगतो. मी एक गोष्ट मात्र बरी केली. त्याच रात्री कंपनीला ईमेल पाठवला, 'सही घेतली तेव्हा निष्कर्ष भरलेला नव्हता, तो मला मान्य आहे असे समजू नये.' चूक झाली तर त्याच दिवशी लिहून कळवा. महिन्याभराने कळवलं तर ती सबब वाटते.

आठवड्याने टायर कंपनीचं उत्तर आलं. 'टायरमध्ये उत्पादन दोष नाही. झीज चाकांच्या चुकीच्या अलाइनमेंटमुळे झाली आहे. दावा नामंजूर.' सौ. म्हणाली, "संपलं आता. ते टायर भंगारात द्या." मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला आणि लक्षात आलं, हा नकार माझ्या विरोधात नाहीच, हा माझा पुरावा आहे. टायर कंपनीच लिहून देते आहे की अलाइनमेंट चुकलेलं होतं. मग अलाइनमेंट कोणाचं काम? मी सर्व्हिसिंगची बिलं काढली. मे महिन्यात ९,८०० किलोमीटरला त्याच शोरूमने अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगचे पैसे घेतले होते. त्याचा छापील रिपोर्ट मात्र दिला नव्हता आणि मीही मागितला नव्हता.

मग बाहेरच्या एका केंद्रात पैसे भरून अलाइनमेंट तपासलं आणि रिपोर्ट घेतला. दोन्ही पुढची चाकं मर्यादेबाहेर. शोरूमचं म्हणणं, "सर, पुण्यातले खड्डे!" खड्डे आहेत, नाही कोण म्हणतो? पण खड्ड्याचा मार बहुधा एका चाकाला बसतो आणि रिमवर खूण राहते. इथे दोन्ही टायर सारखेच झिजले होते आणि रिमला ओरखडासुद्धा नव्हता. तेही त्या केंद्राकडून लिहून घेतलं.

गाडीला नवे टायर मी लगेच स्वतःच्या पैशाने बसवले. ११,४०० रुपये गेले. निकाल लागेपर्यंत गोटा टायरवर फिरणं म्हणजे जिवाशी खेळ. पण जुने टायर दुकानात सोडले नाहीत. टायर गेला की पुरावा गेला. म्हणून ते तुळशीशेजारी!

आता कायद्याकडे येतो. आपल्याकडे पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली झाला. त्याला राष्ट्रपतींची संमती २४ डिसेंबरला मिळाली, म्हणून आजचा दिवस. पुणेकरांनी अभिमान बाळगावा असं की त्याआधीच, १९७४ मध्ये, बिंदुमाधव जोशींनी इथे ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली होती. आता २०१९ चा कायदा आहे, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातल्या आपल्या कामाच्या गोष्टी अशा.

तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. आपण जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात ती करता येते. कंपनीचं ऑफिस दिल्लीला असेना का, आपण पुण्यातच दाद मागायची. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जातं. शुल्क ५ लाखांपर्यंत काहीच नाही. माझ्या प्रकरणात गाडीची किंमत धरून २०० रुपये भरले. वकील सक्तीचा नाही. मात्र टॅक्सीसारख्या व्यापारी कामासाठी गाडी घेतली असेल तर ग्राहक म्हणून उभं राहता येईलच असं नाही. स्वतः चालवून पोट भरणाऱ्याला त्यात सूट आहे. आणि देव न करो, सदोष टायर फुटून कोणाला इजा झाली, तर 'उत्पादन दायित्व' म्हणून उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा यांच्याकडून भरपाई मागण्याची वेगळी तरतूद नव्या कायद्यात आहे.

मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथून कंपनीला विचारणा झाली, उत्तर तेच आलं. मग रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. २०२३ च्या फेब्रुवारीत 'ई-दाखिल' पोर्टलवर तक्रार भरली. आता त्या जागी 'ई-जागृती' आहे. प्रतिवादी तिघांना केलं, शोरूम, गाडीची कंपनी आणि टायरची कंपनी. एकालाच केलं असतं तर त्याने जो हजर नाही त्याच्याकडे बोट दाखवलं असतं. तिघं समोरासमोर आले तेव्हा टायर कंपनीनेच शोरूमला अलाइनमेंटबद्दल विचारायला सुरुवात केली.

आयोगाने प्रकरण दोन्ही बाजूंच्या संमतीने मध्यस्थीसाठी पाठवलं. तिथे शोरूमच्या वकिलांनी मला एकच प्रश्न विचारला, "हवा दर किती दिवसांनी तपासत होता?" मी खरं सांगितलं, "घाटातल्या प्रसंगाआधी दोन महिने तपासली नव्हती." खोटं बोलता आलं असतं. पण छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या पडताळल्यावर ते जमलं नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये तडजोड झाली. स्टिअरिंगचा एक भाग वॉरंटीत बदलून मिळाला. टायर जेवढे वापरले तेवढं मूल्य वजा करून ८,२०० रुपये मिळाले, अलाइनमेंटचं बिल परत मिळालं. मानसिक त्रासाबद्दल २५,००० मागितले होते, त्यातला एक रुपयाही मिळाला नाही. ते मी मान्य केलं, कारण हवेबाबत माझीही कसूर होती.

सौ.ने विचारलं, "सव्वा वर्षात आठ हजार, परवडलं का?" हिशेबाने नाही परवडलं. पण तो सदोष भाग बदलला नसता तर नवे टायरही आतून तसेच झिजले असते. आणि पुढच्या पावसाळ्यात नात परत त्याच घाटातून येणार होती. मला ८,२०० रुपयांपेक्षा तो बदललेला भाग मोलाचा वाटतो.

जाता जाता चार गोष्टी. दर पंधरा दिवसांनी हवा तपासा आणि डायरीत तारीख लिहा. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दारापाशी छापलेला असतो. महिन्यातून एकदा चाकं वळवून आतली कडा बघा. अलाइनमेंटचे पैसे दिले की छापील रिपोर्ट मागा. आणि नकार तोंडी घेऊ नका, "लेखी द्या" म्हणा. नम्रपणे म्हणा, समोरचा मुलगा नोकरी करतो आहे, तो आपला शत्रू नाही.

आपल्या सोसायटीच्या पहिल्या सचिवांना जुने सभासद ओळखतात. ताबा मिळाला तेव्हा लिफ्ट चालू नव्हती आणि बिल्डर रोज "उद्या" म्हणायचा. ते प्रत्येक "उद्या" तारखेसह लिहून त्याला पत्राने कळवायचे आणि पोच घ्यायचे. ती जाडजूड फाईल अजून ऑफिसच्या कपाटात आहे. लिफ्ट त्या फाईलमुळे सुरू झाली. मी नवीन काही केलं नाही, त्यांचंच पाहून केलं.

कोणाला असं प्रकरण आलं तर कागद घेऊन संध्याकाळी सहानंतर माझ्याकडे या. बाल्कनीत आता जागा आहे, चहाही मिळेल.

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा.