प्रवेशापासून पदवीपर्यंत
(हीरक महोत्सवी समारंभात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



साठ वर्षांचा आढावा घेताना शाळेचे निकाल, बक्षिसे आणि नामवंत विद्यार्थी यांचा उल्लेख होणे स्वाभाविकच आहे. मी मात्र आज एका वेगळ्या प्रश्नाकडे आपले लक्ष वेधू इच्छिते. बारावीनंतर महाविद्यालयात नाव घातलेल्या आपल्या मुलांपैकी पदवी हाती घेऊन बाहेर किती पडतात? प्रवेशाचे पेढे सर्वजण वाटतात. दुसऱ्या वर्षाला मुलगा वर्गात आहे की नाही, हे विचारणारा मात्र विरळाच.

हा प्रश्न विशेषतः त्या मुलांचा आहे, ज्यांच्या घरात महाविद्यालयाची पायरी आजवर कोणी चढलेले नाही. त्यांत दलित वस्तीतील मुले आहेत, हातावर पोट असलेल्या कुटुंबांतील मुले आहेत. मुलगी शिकताना लग्न आडवे येते, तर मुलगा शिकताना मजुरी आडवी येते. अठरा वर्षांचा मुलगा घराला मिळवता हात वाटू लागतो. बुंदेलखंडात पाऊस दगा देतो, घरात आजारपण येते आणि मुलगा दिल्लीची किंवा सुरतेची गाडी धरतो. बुद्धी कमी पडली म्हणून हे शिक्षण सुटलेले नसते.

मग अशा परिस्थितीतही जे टिकले, ते कशाच्या बळावर? आपल्या मराठी समाजाच्या इतिहासातच याचे उत्तर आहे.

मध्य भारतातील महू येथे जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्यार्थिजीवन पाहा. परळच्या चाळीतील एका खोलीत संसार आणि अभ्यास दोन्ही चाले. वडील रामजी सुभेदार मुलाला पहाटे दोन वाजता अभ्यासाला उठवीत आणि पुस्तकांसाठी प्रसंगी लेकींचे दागिने गहाण ठेवीत. 1907 साली मॅट्रिक झाल्यावर कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्राध्यापक म्युलर यांनी त्यांना पुस्तके दिली, कपडेही दिले. असामान्य बुद्धिमत्तेलाही घर, गुरू आणि पैसा या तिन्हींचा आधार लागला, हे आपण विसरता कामा नये.

पुढचा प्रसंग मला अधिक बोलका वाटतो. 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनमधील शिक्षण अर्ध्यावर टाकून त्यांना परतावे लागले. 1920 साली स्वतःची बचत, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि न्यूयॉर्कमध्ये जोडलेले मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज यांच्या आधारे ते पुन्हा लंडनला गेले. 1923 साली त्यांनी डी.एस्सी. मिळवली. शिक्षण खंडित होणे म्हणजे ते संपणे नव्हे. परतीची वाट कोणीतरी मोकळी ठेवावी लागते.

व्यक्तीला लाभलेला हा आधार सर्वांसाठी उभा करण्याचे कार्य काही द्रष्ट्यांनी केले. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात विविध जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी 1908 साली मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. शहरात शाळा असून उपयोग नाही, शहरात राहायला जागा हवी, हे त्यांनी ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. बोर्डिंगमधील मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अगदी मंगळसूत्रही मोडले. ‘कमवा आणि शिका’ या योजनेने कष्ट आणि शिक्षण यांतील वैर मिटवले. बाबासाहेबांनी 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. वेळापत्रकातही करुणा असू शकते, ती अशी.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाचा अनुभवही याच दिशेचा आहे. गुलामगिरी संपल्यावर 1867 साली वॉशिंग्टनमध्ये हॉवर्ड विद्यापीठ आणि जॉर्जिया राज्यात मोअरहाउस महाविद्यालय स्थापन झाले. मोअरहाउस आजही प्रामुख्याने कृष्णवर्णीय तरुणांचे महाविद्यालय आहे. आपल्यासारखाच एक जण आपल्या आधी येथून पदवी घेऊन गेला, हे जिथे डोळ्यांना दिसते, तिथे ‘मी इथला नव्हे’ हा सल उरत नाही.

आता आपल्या झाशीकडे येऊ. आपला विद्यार्थी मराठीतून शिकतो आणि महाविद्यालयात त्याच्यासमोर हिंदी किंवा इंग्रजी व्याख्यान उभे राहते. शंका विचारायला जीभ रेटत नाही. मागच्या बाकावरून तो हळूहळू वर्गाबाहेर जातो. शिष्यवृत्ती असते, पण उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि बँकखाते यांपैकी एक कागद अडला की शुल्कप्रतिपूर्ती अडते. पहिले वर्ष सांभाळले तर पुढचा मार्ग बराच सुकर होतो, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. शाळेला देणगी अवश्य द्या. पण त्याहून मोलाचे दान म्हणजे एका मुलाच्या पहिल्या वर्षाचे पालकत्व. महिन्यातून एकदा त्याला भेटा, त्याचा अर्ज भरून घ्या, परीक्षेच्या आधी फोन करा. त्याला पैशापेक्षाही कोणी विचारणारे हवे असते. शाळा ग्रंथालयाची खोली संध्याकाळी या मुलांच्या अभ्यासासाठी उघडी ठेवील आणि त्यांच्या नावांची नोंदवही ठेवील; निकाल लागेपर्यंत नव्हे, पदवी मिळेपर्यंत.

पालकहो, आपली ओढाताण मी जाणते. मुलाच्या आजच्या मजुरीने चूल पेटते, हे खरेच आहे. तरीही त्याला कामावर धाडण्यापूर्वी एकदा शाळेत या. काम करीत शिकण्याची वाट आपण मिळून शोधू. ज्यांचे शिक्षण सुटले आहे, त्यांच्यासाठी इंदिरा गांधी आणि राजर्षी टंडन या मुक्त विद्यापीठांची दारे उघडी आहेत.

साठ वर्षांपूर्वी परप्रांतात मराठी शाळा काढणाऱ्यांनी मुलांच्या भाषेची चिंता वाहिली. त्या मुलांच्या पदवीची चिंता वाहणे, हे आता आपले काम आहे. त्यासाठी आपण सर्वांनी हातभार लावावा, एवढीच प्रार्थना करून आपली रजा घेते.