कागदाचे मखर

(श्रीगणेशचतुर्थीच्या निमित्ताने इच्छापोर, सुरत येथे जमलेल्या महाजन कुटुंबांसमोर केलेले भाषण. स्मरणिकेच्या संपादक मंडळाच्या आग्रहावरून किंचित फेरफार करून येथे देत आहे.)



मी वक्ता नव्हे. पणजीच्या एका सरकारी कचेरीत सारे आयुष्य कारकुनीत घालवलेला मी एक सेवानिवृत्त मनुष्य. कागदाशी माझा जो संबंध आला तो टाचणी, शेरा आणि जावक नोंदवही यांच्यापुरताच. असे असता ‘भक्ती, स्नेह आणि दान यांसाठी कागदाची हस्तकला’ हा विषय आपण माझ्याकडे सोपविलात, याचे मला प्रथम नवल वाटले. मागाहून विचार करता असे ध्यानात आले की, या विषयात माझ्या हातून एक चूक घडलेली आहे आणि ती आपणासमोर सांगण्याची हीच वेळ आहे. ती मी सांगणार आहे. परंतु आधी दोन शब्द आपल्या कुलाचाराविषयी.

हजिऱ्याच्या रस्त्यावरील या इच्छापोर गावी माझा मुलगा नोकरीनिमित्त राहतो. पलीकडे खत, पोलाद आणि वायूचे प्रचंड प्रकल्प, अलीकडे हिऱ्यांच्या उद्योगाची वसाहत, आणि रात्रंदिवस मालमोटारींची रीघ. अशा ठिकाणी आपली पाचसात घरे जमून चतुर्थी साजरी करतात, हे पाहून मनाला समाधान वाटले. परवा आमच्या सोसायटीत गणपती आला, तेव्हा माझ्या नातवाने मला विचारले, “आजोबा, सगळ्यांचा बाप्पा मातीचा, मोठा. आपलाच कागदावर का? आपल्याला परवडत नाही का?”

आपल्यापैकी ज्यांच्या घरी कागदावरच्या गणपतीची पूजा होते, त्यांना हा प्रश्न परका नसेल. गोव्यात 1560 साली धर्मसमीक्षण सभेची, म्हणजे इंक्विझिशनची, स्थापना झाली आणि मधली चार वर्षे वगळता ती 1812 पर्यंत टिकली. त्याच आरंभीच्या काळात श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास, श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आणि श्रीमहालसा वेर्ण्याहून म्हार्दोळास आली, हे आपण सर्व जाणताच. देव रातोरात नदीपलीकडे नेता आले. परंतु जी कुटुंबे मागे राहिली त्यांनी घरातील चतुर्थीचे काय करावे? मातीची मूर्ती आणणे, ती मखरात बसविणे, वाजतगाजत विसर्जन करणे, यांपैकी काहीच उघडपणे शक्य नव्हते. तेव्हा कोणी पत्रीलाच गणपती मानले, कोणी लहानशी चांदीची मूर्ती पूजेत ठेवली, आणि कोणी कागदावर गणपती रेखाटून त्याची पूजा केली. कागदाची घडी होते. ती पेटीच्या तळाशी राहते, पागोट्यात मावते, आणि प्रसंगच ओढवला तर पाण्यात विरून जाते. सक्ती संपली, राजवट गेली, तरी ती रीत मात्र त्या घरांनी सोडली नाही.

एवढे सारे मी नातवाला सांगितले. त्याला कितपत उमगले, देव जाणे. परंतु दुसऱ्या दिवशी तो माझ्यासमोर पाटावर बसला आणि मी कुंकवाने सोंड रेखीत असता श्वास रोखून पाहत राहिला. आमच्या घरी दरवर्षी नवे चित्र काढण्याची चाल आहे. वडील काढीत, आता मी काढतो. मला चित्रकला येत नाही. माझ्या गणपतीचा एक कान दुसऱ्याहून नेहमी मोठा होतो. शेजारच्या खानदेशी वहिनी दूर्वा घेऊन आल्या होत्या. (धुळे-जळगावकडील हजारो कुटुंबे सुरतेत स्थायिक झालेली आहेत आणि श्रावणातील त्यांची कानबाई येथेही थाटात बसते.) त्यांनी ते चित्र पाहून हात जोडले आणि म्हणाल्या, “काका, हा बाप्पा तुमच्या हातचा आहे, आम्ही तर दुकानातून आणतो.” त्यांच्या या उद्गारावर मी बराच वेळ विचार करीत राहिलो.

आता मखराकडे वळतो. नवरात्रात आपल्या देवस्थानी कीर्तन झाल्यावर देवीची उत्सवमूर्ती मखरात विराजमान होते आणि आरतीच्या ठेक्यावर, नगारा-सनईच्या नादात, ते मखर झोपाळ्याप्रमाणे पुढेमागे हलविले जाते. परगावी जन्मलेल्या मुलांनी हे पाहिले नसेल, म्हणून सांगतो. प्रत्येक रात्रीची सजावट निराळी. चौकट लाकडाची आणि कायमची; तिच्यावरचा साज तेवढा बदलायचा. हा साज पूर्वी कागदाचा असे. त्याचे कारण केवळ काटकसर नव्हते. जे हलवायचे ते हलके पाहिजे, आणि हलताना खुळखुळू नये, सुटून पडू नये, असे घट्ट चिकटलेले पाहिजे. घोटीव कागद, पतंगाचा कागद आणि बेगड या तिन्ही वस्तू या कामासाठीच जणू निर्माण झाल्या होत्या.

आमच्या लहानपणी हे काम ज्यांच्याकडे असे त्यांना सारा गाव तात्या म्हणत असे. पेशाने ते दुकानदार. परंतु भाद्रपद अर्धा सरला की दुकान पुतण्यावर सोपवून ते देवळाच्या अग्रशाळेत चटई टाकून बसत. त्यांची पद्धत अशी: घोटीव कागदाचा पूर्ण ताव घ्यायचा, त्याच्या आठ घड्या करायच्या, प्रत्येक घडी अंगठ्याच्या नखाने दाबायची, आणि पेन्सिलीची एकही रेघ न ओढता लहान कातरीने कापायला आरंभ करायचा. कातर स्थिर आणि कागद फिरता. नवशिका नेमके याच्या उलट करतो आणि म्हणून त्याची कमान तुटते. सारे कापून झाल्यावर घडी उलगडताना तात्या आम्हा मुलांना जवळ बोलावीत. कमळांची जाळी उघडताना आमच्या तोंडून जो उद्गार निघे, तेवढेच त्यांचे मानधन. मग ती जाळी बेगडावर चिकटवायची, म्हणजे समईच्या उजेडात प्रत्येक छिद्रातून चमक उठते. खळ घरचीच, मैद्याची. तीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी असल्यामुळे ते घालताना तात्या आम्हाला दूर उभे करीत. आपणही करावे.

याच चटईवर आम्ही दिवाळीचा आकाशकंदील शिकलो आणि आमच्या शेजारचा ख्रिस्ती मुलगा नाताळचे नक्षत्र शिकला. बांबूच्या कामट्या त्याच, दोऱ्याची गाठ तीच; आकार तेवढा वेगळा. डिसेंबरात आम्ही त्याच्या घरी नक्षत्राला कागद लावायला जात असू आणि परतताना हातात दोदोल असे. आज गोव्यात नरकासुराच्या प्रतिमेसाठी तरुण मंडळी कागद, गवत आणि कामट्या घेऊन रात्री-रात्री जागतात. त्यांच्या कसबाला मी नावे ठेवत नाही. परंतु राक्षसासाठी पंधरा रात्री आणि देवीसाठी एकही नाही, हा हिशेब माझ्या कारकुनी बुद्धीला जुळत नाही.

आता माझी चूक. सुमारे 22 वर्षांपूर्वी मी देवस्थानच्या समितीवर होतो आणि हिशेब माझ्याकडे होता. तरुण मुले शिक्षण-नोकरीसाठी बाहेर पडली होती, तात्यांच्या मदतीला कोणी उरले नव्हते, आणि एका सजावटवाल्याने नऊ रात्रींची तयार थर्मोकोलची मखरे देऊ केली. दर मी तपासला. तावांचा, बेगडाचा, चहापाण्याचा खर्च मांडून पाहिला. फरक किरकोळ होता आणि दगदग वाचत होती. मी शिफारस लिहिली आणि समितीने ती मंजूर केली. नियमाप्रमाणे सर्व व्यवस्थित झाले; फक्त तात्यांना कळवायचे राहून गेले. ते माझे काम होते.

नेहमीच्या दिवशी तात्या कातर आणि तावांची गुंडाळी घेऊन अग्रशाळेत आले. तेथे पांढऱ्या शुभ्र कमानी भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. त्यांनी एका कमानीवरून बोट फिरवले, “बरे आहे हो, उठावदार दिसते,” असे म्हणाले, आणि गुंडाळी बगलेत मारून घरी गेले. त्या वर्षी ते नवही रात्री कीर्तनाला आले, आरतीला मात्र थांबले नाहीत. माझ्याविरुद्ध त्यांनी कोणाजवळ एक अक्षर काढले नाही. पुढे दोन वर्षांनी ते वारले. मी हिशेबात ताव मोजले होते, बेगड मोजली होती. तात्यांच्या पंधरा दिवसांसाठी माझ्या वहीत रकानाच नव्हता.

आपली महाजनकी हीसुद्धा एका परीने कागदावरचीच आहे. 1933 सालच्या पोर्तुगीज नियमनाने देवस्थानांचा कारभार बांधून दिला आणि महाजनांची नामावली नोंदवहीत गेली. वहीत नाव असले की मताचा अधिकार येतो, मान येतो. त्या अधिकाराची आम्हाला चांगली जाणीव असते. सभेत आवाजही चढतात. परंतु देवाला प्रत्यक्ष हाताने काय दिले, असे विचारले तर आमच्यापैकी बहुतेकांना पावतीपुस्तकाकडे बोट दाखवावे लागेल. देणगी देऊ नये असे मी मुळीच म्हणत नाही. छप्पर तिच्यावरच उभे आहे. मी एवढेच म्हणतो की तात्यांची पावती कोणी फाडली नव्हती.

थर्मोकोलचे पुढे जे व्हायचे ते झाले. सजावटीचे थर्मोकोल 1 जुलै 2022 पासून देशभर बंद करण्यात आले. ते कुजत नाही, आणि पेटले तर वितळून काळा धूर सोडते. कागदही पेटतो, हे मी विसरलेलो नाही. म्हणून कापूरआरतीच्या बाजूला कागद न लावता तेथे लाकूड उघडे ठेवायचे, ही तात्यांचीच शिस्त होती. बंदीनंतर सजावटवाल्याने कापडाची आणि प्लास्टिकच्या फुलांची मखरे आणली. ती सध्या चालू आहेत. सुबक आहेत, पण दरवर्षी तीच.

गेल्या उत्तरायणापूर्वी मुलासोबत मी सुरतेच्या डबगरवाडात गेलो होतो. तेथे पतंग आणि मांजाचा मोठा बाजार भरतो. एका दुकानाच्या ओट्यावर एक मुसलमान वृद्ध पतंगाला काडी लावीत बसले होते. कागद फिरता, हात स्थिर! मी तेथेच थांबलो. मोडक्यातोडक्या हिंदीत मी त्यांना देवीच्या मखराविषयी सांगितले. त्यांनी लाल, पिवळा आणि हिरवा असे तीन रंगांचे ताव निवडून दिले, उन्हात कोणता रंग लवकर उडतो ते सांगितले, आणि बारा तावांचेच पैसे घेऊन वर दोन ताव ठेवले. “माताजी के लिए हमारी तरफ से,” एवढेच ते म्हणाले.

येथे एक व्यावहारिक गोष्ट सांगून टाकतो. हातकागद सुती चिंध्यांच्या लगद्यापासून होतो. पुण्याच्या हातकागद संस्थेत आणि अहमदाबादच्या ‘कलमखुश’मध्ये तो मिळतो. सुरत कापडाचे शहर असले तरी येथील बहुतेक कापड कृत्रिम धाग्याचे, तेव्हा त्या चिंध्या या कामाच्या नव्हेत. हातकागद जाड असतो, आठ घड्यांत कातर चालत नाही. तो पाठीला लावायचा आणि जाळी पतंगाच्या किंवा घोटीव कागदाची करायची. मुलांनी प्रथम वर्तमानपत्रावर हात बसवावा. आज दुपारी येथील मुलांनी तसे केले. सुरुवातीच्या वीसेक कमानी तुटल्या, नंतरच्या टिकल्या. माझ्या नातवाने जी कातर वापरली ती तात्यांची. त्यांच्या मुलाने ती मला दोन वर्षांपूर्वी दिली, मी मागितली नसताना. त्याला शिफारशीची गोष्ट ठाऊक होती की नाही, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

आपल्या समितीपुढे मी एक विनंती ठेवली होती आणि ती यंदापुरती मान्य झाली आहे. ललितापंचमीच्या रात्रीचे मखर कागदाचे व्हावे, आणि त्याचा साज गोव्याबाहेर राहणाऱ्या महाजन कुटुंबांनी आपापल्या घरी करून पाठवावा. नऊपैकी एकच रात्र. ते ओबडधोबड होईल, रंग एकमेकांना जुळणार नाहीत, मुंबईच्या पट्टीशेजारी बेळगावची पट्टी तिरपी बसेल. कोणी हसले तर हसू द्यावे.

प्रत्येक घराने तीन पट्ट्या कराव्यात, प्रत्येकी एक वीत रुंद आणि दोन हात लांब. ज्यांना जमेल त्यांनी एक कमळ. पाठीमागे कुटुंबाचे नाव आणि गाव पेन्सिलीने लिहावे, शाईने नव्हे, कारण शाई खळीत फुटते. पट्ट्यांची घडी घालू नये. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून, वर जुने वर्तमानपत्र लपेटून पाठवाव्यात. पितृपक्षात हे काम करावे की नाही, अशी शंका एका भगिनीने मघाशी विचारली. तात्या कातरकाम पितृपक्षातच करीत आणि चिकटविण्याचे काम घटस्थापनेच्या दिवशी काढीत. तेव्हा पट्ट्या सर्वपित्री अमावास्येपूर्वी देवस्थानच्या कचेरीत पोहोचाव्यात. त्या उतरवून घ्यायला आणि नोंदवहीत मांडायला मी तेथे असेन.