घर कोणाचं?

(मंडळाच्या ज्येष्ठांच्या मेळाव्यात केलेले भाषण)

मला सांगितलं होतं की भारतातल्या मालमत्तेविषयी 'थोडं माहितीपर' बोला. मी वकील नाही. न्यू जर्सीत चौतीस वर्षं पूल बांधण्यात घालवलेला इंजिनियर आहे. पण घराच्या भांडणाचा अनुभव मात्र भरपूर आहे, आणि त्यात मी बराच चुकलेलो आहे. तेव्हा तेच सांगतो.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. आजोबांनी मुंबईच्या नोकरीतून पैसे साठवून १९३१ साली जागा घेतली आणि घर बांधलं. ओटी, पडवी, माजघर, मागे नारळी-पोफळीचं आगर. आजोबा १९६२ साली गेले, वडील १९९८ साली, मग आई. धाकटा भाऊ तिथेच राहिला. मी इकडे, ताई डोंबिवलीला.

डिसेंबर २०१९ मध्ये गेलो तेव्हा धाकट्यानं विषय काढला. घर पाडून पर्यटकांसाठी चार खोल्या बांधायच्या, बँकेचं कर्ज काढायचं, त्यासाठी माझी सही हवी. मी म्हटलं, "आजोबांचं घर आहे, पाडायचं नाही. माझाही निम्मा वाटा आहे." ताईचा वाटा मी धरलाच नव्हता, हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या तेव्हा आलं नाही.

धाकटा शांतपणे म्हणाला, "दादा, दरवर्षी पावसाआधी कौलं शाकारायला तू येतोस का? वाळवी लागलेले वासे मी बदलले. तुला घर नकोय, तुला घराचा फोटो हवाय." मी रागानं दोन दिवस आधीच निघून आलो. वहिनीनं बांधून दिलेली आमसुलंसुद्धा घेतली नाहीत. सहा महिने फोन बंद.

मग ३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगडचीही धूळधाण करून गेलं. वीज नाही, फोन नाही. पाच दिवसांनी चुलतभावानं व्हिडिओ पाठवला. माजघरातून सरळ आभाळ दिसत होतं, आणि आगर आडवं झालेलं. माणसं सुखरूप होती, हे व्हिडिओच्या शेवटी कळलं. तोवरची दीड मिनिटं मी काढली ती माझी मलाच माहीत.

पंचनाम्याला आलेल्या माणसानं विचारलं, मालक कोण? घरपट्टीच्या उताऱ्यावर नाव आजोबांचं! अठ्ठावन्न वर्षांपूर्वी गेलेला माणूस घराचा मालक. आम्ही दोघं भाऊ भांडत होतो, पण वारसनोंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं.

मग वकिलांकडे गेलो, म्हणजे धाकटा गेला आणि मी फोनवर. वकील वंशावळ लिहायला लागले. "आजोबांना अपत्यं किती?" धाकटा म्हणाला, "दोन." "मग दुसरं कुठे आहे?"

दुसरं म्हणजे आमची आत्या. चिपळूणला असते, तेव्हा वय सत्त्याऐंशी. दर मे महिन्यात माहेरी यायची, आंबे वाटायची.

आता नीट ऐका, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. घर आजोबांचं स्वकष्टार्जित आणि मृत्युपत्र नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात अशा मिळकतीत मुलगा-मुलगी सारखेच वारस. आजी आधीच गेलेली, म्हणून १९६२ पासूनच घर निम्मं वडिलांचं, निम्मं आत्याचं. फक्त त्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे राहत्या घराची वाटणी मुलीला मागता येत नसे, भावांनी मागेपर्यंत. ते कलम २००५ साली गेलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही मुलीला जन्मापासून हक्क दिला, आणि त्यासाठी वडील २००५ साली हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. इथे वाढलेल्या आपल्या मुलींनाही, अमेरिकन नागरिक असल्या तरी, वारसा मिळतो.

वडिलांच्या निम्म्याचे आम्ही तिघं भावंडं वाटेकरी. म्हणजे मी ज्या 'निम्म्या'साठी भांडलो तो निघाला एक षष्ठांश.

आत्याला फोन केला. मला वाटलं, ती म्हणेल, "मला काय करायचंय, घ्या सही." ती म्हणाली, "सही देणार नाही. जन्मभर माहेर माहेर म्हटलं, एकदा कागदावर माझं नाव बघू दे." मी गप्प. बोलायला काही नव्हतंच.

२०२२ मध्ये ग्रामपंचायतीत नोंद झाली. उताऱ्यावर पहिलं नाव आत्याचं. (उताऱ्यावर नाव लागलं म्हणून कोणी मालक होत नाही, आणि नाव नाही म्हणून कोणाचा हक्क जात नाही, हेही लक्षात ठेवा.) धाकट्यानं उतारा लॅमिनेट करून तिला नेऊन दिला.

मी माझा हिस्सा धाकट्याच्या नावे सोडला. फोनवर "सोडला रे" म्हणून भागत नाही. हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं. जाता येत नसेल तर मुखत्यारपत्र करा. इथे नोटरी, मग अपॉस्टिल किंवा वकिलातीचा शिक्का, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक. माझं पहिलं मुखत्यारपत्र कोणाच्या तरी टेबलाच्या खणात पाच महिने पडून राहिलं, दुसरं करावं लागलं.

घराला आता पत्रे आहेत. चार खोल्या झालेल्या नाहीत, कारण आत्या म्हणते पडवी ठेवा, आणि ताई म्हणते आत्या म्हणेल तसं. धाकटा वैतागतो आणि रात्री मला फोन करतो. हल्ली रोज करतो.

कोणाला प्रश्न असतील तर चहा घेताना विचारा. कागदांची एक फाईल सोबत आणली आहे.